गुडघेदुखी आणि आखडलेली बोटं : गोळ्यांशिवाय कशाने फरक पडतो?

अबोली
आईचं वय 61. बरेच दिवस गुडघे दुखताहेत, जिना उतरताना जास्त. एक्स-रे बघून ‘वयोमानाप्रमाणे झीज’ असं सांगितलं आणि दुखीच्या गोळ्या दिल्या. गोळीने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण आता पोटात जळजळतं. बीपीचीही गोळी चालू आहे. एक काकू म्हणतात चालणं बंद कर, मावशी म्हणते रोज तासभर चाल. आई दोघींना हो म्हणते आणि कुणाचंच करत नाही. तेल, शेक, नी-कॅप, सांध्यांसाठी विकतात त्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्या, इंजेक्शन... तुमच्यापैकी कुणाला खरंच कशाचा उपयोग झाला?

निवांत_नाना
काकूंचं ऐकू नका. गुडघा वापरायचा थांबला की मांडीचे स्नायू सुकतात आणि सगळा भार सांध्यावर येतो. मला फिजिओने शिकवलेला पहिला व्यायाम : पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती गुडघ्याने खाली दाबायची, पाच आकडे मोजून सोडायचं. मांडीवर हात ठेवला तर स्नायू टणक झालेला कळला पाहिजे, नाहीतर नुसता पाय हलतोय. पुढे हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं. सुरुवातीला थोडं दुखेल. रात्रभरात शमलं तर चालू ठेवा, दुसऱ्या दिवशीही ठणकत असेल तर संख्या कमी करा. फरक जाणवायला दोनेक महिने धरा. पंधरा दिवसांत सोडून देणारेच जास्त.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. बहुतेक जण उलट धरतात.

तिरकस
वजन जास्त असेल तर तेही बघा. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने हलका होतो. सांगायला सोपं आहे, माझं स्वतःचं काही उतरत नाहीये.

औषधवाली
मी फार्मासिस्ट आहे. पोटात जळजळ आणि वर बीपी, तर दुखीच्या गोळ्या तशाच चालू ठेवू नका. त्यांनी जठराला व्रण होतो, बीपी वाढतं, मूत्रपिंडावरही ताण येतो. काही बीपीच्या गोळ्यांबरोबर तर जास्तच. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं जेल विचारा. गुडघा त्वचेच्या जवळ असल्याने ते बऱ्यापैकी पोचतं आणि रक्तात फार कमी उतरतं. तेलाने झीज भरून येत नाही, पण चोळल्याने आणि शेकाने बरं वाटत असेल तर खुशाल करा. फक्त जेल लावलेल्या जागी शेक नको.

ग्लुकोसामाइनवर 2006 साली अमेरिकेत दीड हजारांवर रुग्णांचा मोठा अभ्यास झाला. एकूण रुग्णांत ते औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो, पण ते वरचेवर घेऊ नये. आणि ‘शंभर टक्के गुण’ म्हणून मिळणाऱ्या बिनलेबलच्या पुड्या तर नकोच. त्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलं आहे.

खारूताई
अबोली, मथळ्यात बोटं लिहिली आहेत, पण पुढे त्यांच्याबद्दल काहीच नाही. कुठली पेरं दुखतात? सकाळी किती वेळ आखडलेली असतात?

अबोली
दोन्ही हातांची, मुठीची पेरं आणि मनगटं. सकाळी बाटलीचं झाकण उघडत नाही. आंघोळ, चहा, पेपर सगळं आटोपेपर्यंत बोटं मोकळी होत नाहीत, म्हणजे तास-दीड तास सहज. मला वाटलं तीही झीजच.

खारूताई
मग आधी संधिवाततज्ज्ञांना दाखवा, व्यायाम आणि जेल त्याच्या जोडीला. झिजेचा आखडलेपणा सहसा अर्ध्या तासात सुटतो आणि बोटांत झीज असली तर बहुधा नखाजवळच्या पेरांना गाठी येतात. मुठीची पेरं, मनगटं, दोन्ही बाजू सारख्याच आणि तासाच्या वर ताठरपणा, हे आमवाताकडे (रुमेटॉइड आर्थ्रायटिस, यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते) बोट दाखवतं. गुडघ्यात झीज असूनही हातात आमवात असू शकतो. एक्स-रेतली झीज बघून सगळं तिच्यावर ढकललं गेलं असावं. मला आमवात आहे म्हणून सांगते, यात उशीर परवडत नाही. पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झालं तर सांधे वाकडे होण्यापासून बरेच वाचतात.

ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी या रक्ततपासण्या बहुधा सांगतील. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणून निश्चिंत होऊ नका, आमवात असूनही काहींचा तसा येतो. मेथोट्रेक्सेट (आमवाताचं नेहमीचं औषध) दिलं तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून वार डब्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

आणखी एक : उद्या सकाळी उठल्या उठल्या आईच्या दोन्ही हातांचे फोटो काढा, मूठ वळायला सांगून एक आणि तळवे पालथे ठेवून एक. दुपारच्या अपॉइंटमेंटपर्यंत सूज ओसरते आणि डॉक्टरांना हात ठीकठाक दिसतात.

औषधवाली
+1. त्याआधी एखादा सांधा अचानक लाल, गरम होऊन सुजला आणि ताप आला तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

अबोली
फोटो काढते. नाना, टॉवेल दोन्ही गुडघ्यांखाली एकदम ठेवायचा की एकेक?

निवांत_नाना
एकेक. आधी कमी दुखणारा.