शाफ्टच्या जुन्या गाडीत मागच्या चाकाला २५ मिमी प्ले (मोकळी हालचाल). दोष कुठे शोधायचा?

शाफ्टवाला:
गाडी होंडा सीएक्स ५०० मोटरसायकल, साखळीऐवजी शाफ्टने (दांड्याने) मागचं चाक फिरवणारी. कमी वेगात थ्रॉटल सोडून परत दिला की मागून ‘टक्’ असा आवाज येतो. सेंटर स्टँडवर, पहिल्या गिअरमध्ये मागचं चाक पुढे-मागे हलवलं तर टायरच्या कडेला साधारण २५ मिमी प्ले भरतो. फायनल ड्राइव्हचं (मागच्या चाकाजवळच्या गिअरपेटीचं) ऑइल बदललं. जुन्या ऑइलमध्ये बारीक करडी चकाकी होती, तुकडे नव्हते. त्यातलं क्राऊन-पिनियन (दातेरी चाकांची जोडी) गेलं असेल का? हाउसिंग (त्याचं कवच) उघडू?

पानापेटी:
हाउसिंग अजिबात उघडू नका. क्राऊन-पिनियनवर शेवटी संशय घ्यायचा. ते शिमवर (पातळ चकत्यांवर) बसवलेलं असतं, एकदा सुटलं की बॅकलॅश (दात्यांमधली फट) आणि दात्यांचा संपर्क नव्याने जुळवावा लागतो.

तुमचे २५ मिमी म्हणजे बऱ्याच सांध्यांची बेरीज आहे: गिअरचे डॉग (गिअर एकमेकांत अडकवणारे खुंट), यू-जॉइंट (शाफ्टचा वाकणारा सांधा), शाफ्टचे स्प्लाइन (एकमेकांत बसणारे उभे दाते), क्राऊन-पिनियन आणि चाकाच्या फ्लँजचे (चाक ड्राइव्हला जोडणाऱ्या भागाचे) स्प्लाइन. डॉगमध्ये जागा मुद्दाम ठेवलेली असते, नाहीतर गिअर पडणारच नाही.

आता हिशेब बघा. टायरची त्रिज्या ३०० मिमी धरली तर १ अंश म्हणजे कडेला ५ मिमीपेक्षा थोडं जास्त. तुमचा प्ले पाच अंशांच्या आत आहे. क्राऊन-पिनियनचं प्रमाण जवळपास तीनास एक, त्यामुळे त्याच्या पुढचा, म्हणजे शाफ्टकडचा प्ले चाकावर तिपटीने कमी दिसतो. फ्लँजच्या स्प्लाइनचा प्ले मात्र जसाच्या तसा दिसतो. म्हणून पहिला संशय तिथेच घ्या.

आधी पहिल्या आणि पाचव्या गिअरमधला प्ले मोजून तुलना करा. बराच फरक पडला तर त्यातला मोठा वाटा गिअरबॉक्सचा. मग स्विंग आर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या झुलत्या आर्मच्या) पुढचा रबरी बूट मागे सरकवा, यू-जॉइंटच्या दोन्ही फाट्यांवर रंगाची खूण करा आणि कुणाला तरी चाक हळू हलवायला सांगा. पुढचा फाटा फिरतो तेवढा प्ले गिअरबॉक्सकडचा. मागचा फाटा आधी हलला आणि पुढचा उशिरा, तर यू-जॉइंट संपला. त्यात प्ले शून्यच हवा. शेवटी फाटा लाकडी पाचरीने घट्ट अडकवा. आता चाकाला जो प्ले उरेल तो सगळा मागचा.

शाफ्टवाला:
पहिल्यात २५, पाचव्यात २३. यू-जॉइंटचे दोन्ही फाटे एकदमच हलतात. पाचर मारल्यावर १९ मिमी उरतो.

दातेरी:
मग बहुतेक प्ले मागचाच आहे, चाक काढाच. फ्लँज हबमधून (चाकाच्या मध्यभागातून) बाहेर घ्या, फायनल ड्राइव्हमध्ये हाताने बसवा आणि पिळून बघा. दाते माथ्यावर सपाट हवेत. टोकदार झाले असतील किंवा एका बाजूला पायरी पडली असेल तर फ्लँज बदला, आणि समोरचे, म्हणजे फायनल ड्राइव्हमधले दातेही बॅटरी मारून नीट बघा. एक जुना आणि एक नवा अशी जोडी नव्यालाही लवकर खाते. तांबूस कोरडी पावडर दिसली तर ग्रीस कधीच संपलंय. दाते घासून जाण्याचं मुख्य कारण तेच. हे दुखणं पुढे ढकलू नका. दाते पूर्ण गेले की इंजिन चालू, गिअर पडलेला, पण गाडी जागची हलत नाही.

हबमधले रबरही तपासा. रबराचा प्ले दाबल्यावर उसळून परत येतो, स्प्लाइनचा मोकळा असतो आणि शेवटी धातूवर धातू आपटतो. तुमचा ‘टक्’ तोच वाटतो.

पानापेटी:
जोडताना दोन गोष्टी. स्प्लाइनला साधं ग्रीस नको, मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं प्रमाण भरपूर असलेली पेस्ट दात्यांवर पातळ लावा. फ्लँजची ओ-रिंग (रबरी कडी) नवी घाला, ग्रीस आत राहतं ते तिच्यामुळेच. दुसरं म्हणजे क्रम. फायनल ड्राइव्ह काढलं असेल तर त्याचे नट आधी सैल ठेवा, ॲक्सल घालून त्याचा नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा, मगच ड्राइव्हचे नट घट्ट करा. उलट केलं तर हाउसिंग किंचित तिरकं बसतं आणि नवे दातेही एका कडेने घासत जातात.

शाफ्टवाला:
फ्लँज काढला. दाते टोकदार आहेत, पावडरही तांबूस. समोरचे दाते अजून सपाट आहेत. चाक वर-खाली धरून हलवलं तेव्हा थोडा आडवा प्लेही जाणवला होता. तो याच्यातलाच का?

दातेरी:
नाही, तो वेगळा. चाक परत बसवलं की घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून हलवा आणि एक बोट ड्राइव्हचं हाउसिंग व हब यांच्या फटीवर ठेवा. हब एकटा हलला तर चाकाचं बेअरिंग. हाउसिंगसकट स्विंग आर्म हलला तर पिव्होटचं (आर्म ज्यावर झुलतो त्या सांध्याचं) बेअरिंग.