दम्याचं महागडं संशोधन की साधा पंप?

तळेगावकर (धागाकर्ते):

मत थेट मांडतो, मग फोडा. गंभीर दम्याच्या इम्युनॉलॉजीवर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या शास्त्रावर, जगभर जो पैसा आणि जी बुद्धी खर्च होते आहे, तिचा आपल्याकडच्या दमेकऱ्याला फारसा उपयोग नाही. आपल्या सरकारी प्रयोगशाळांनी तर त्या शर्यतीत उतरूच नये.

आत्ता लिहायचं कारण म्हणजे डेपेमोकिमॅब. गंभीर दम्यासाठी सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन. २०२४ मध्ये त्याच्या दोन चाचण्यांचे निकाल आले, झटक्यांचं प्रमाण ५४ टक्क्यांनी घटलं. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'दमा संपला' म्हणून फुगे उडवून झाले.

आता आपली स्थिती. ग्लोबल बर्डन ऑफ डिसीजच्या २०१९ च्या अंदाजानुसार भारतात दम्याचे साधारण ३ कोटी ४० लाख रुग्ण आहेत. जगातल्या दम्याच्या ओझ्यात आपला वाटा १३ टक्के, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंत ४० टक्क्यांच्या वर. रोज श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड, म्हणजे बुडेसोनाइड किंवा बेक्लोमेथासोन, यांतल्या बहुतेकांपर्यंत पोचलंच नाही, असं मला वाटतं. ग्लोबल अस्थमा नेटवर्कच्या भारतातल्या पाहणीत छातीत घरघर होणाऱ्यांपैकी ८२ टक्के लोकांना दम्याचं निदानच झालेलं नव्हतं! जिना ही दम्याची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका २०१९ पासून सांगते आहे की नुसत्या सालब्युटामॉलच्या निळ्या पंपावर कोणाला ठेवू नका. आपल्याकडे अर्धी जनता अजून डेरिफायलिनच्या जुन्या गोळीवर.

आणि प्रयोगशाळेतलं म्हणाल, तर उंदराला आपोआप दमा होत नाही. अंड्यातलं ओव्हाल्ब्युमिन अ‍ॅल्युमिनियमच्या क्षारासोबत टोचायचं, मग तेच नाकातून द्यायचं, फुप्फुसात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी जमल्या की 'दमा झाला' म्हणून पेपर लिहायचा. त्या उंदराला बरं करणारी औषधं डझनांनी निघाली. माणसाला किती लागू पडली?

पेशीपुराण:

तळेगावकर साहेब, आकड्यांवर वाद नाही. निष्कर्षावर आहे. मी याच विषयात काम करतो, त्यामुळे पक्षपाती समजा.

मेपोलिझुमॅब या अँटिबॉडीच्या इंजेक्शनची गोष्ट सांगतो, कारण तुमचा मुद्दा त्यातच तपासता येतो. इंटरल्यूकिन-५ हा संदेशवाहक रेणू इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींना वाढवतो आणि जगवतो. मेपोलिझुमॅबने त्याला अडवलं की दमा आटोक्यात यायला हवा, असा सरळ हिशोब. २००० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला: रक्तातले, थुंकीतले इओसिनोफिल धाडकन खाली, श्वासनलिकेचा चिडकेपणा मात्र होता तसाच. २००७ मध्ये मोठी चाचणी झाली, तीही फुकट. इओसिनोफिल हे नुसते बघे आहेत, असं तेव्हा बरेच जण म्हणायला लागले.

मग २००९ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टर आणि कॅनडातल्या हॅमिल्टनच्या गटांनी रुग्णच वेगळे निवडले. भरपूर स्टेरॉइड घेऊनही ज्यांच्या थुंकीत इओसिनोफिल उरतात, तेवढेच. लेस्टरला ६१ जण, हॅमिल्टनला अवघे २०. लेस्टरमध्ये वर्षाला दरडोई झटके नकली औषध घेतलेल्यांत ३.४ आणि मेपोलिझुमॅब घेतलेल्यांत २.० निघाले, आणि हॅमिल्टनमध्ये पोटात घ्यायचं स्टेरॉइड, प्रेडनिसोन, कमी करता आलं. औषध तेच होतं. २०१२ मध्ये ६०० हून जास्त रुग्णांवर ते पुन्हा दिसलं आणि २०१५ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली.

दमा हा एक आजार नाही, हे आम्हाला तिथे कळलं. कुणाला कशाने सूज येते हे ओळखल्याशिवाय औषध देणं म्हणजे अंधारात दगड मारणं. आणि ज्या स्टेरॉइडच्या पंपाची तुम्ही बाजू घेता, तोही दमा म्हणजे नुसता आकुंचनाचा झटका नसून सूज आहे, या समजुतीवरच उभा आहे ना?

तळेगावकर:

नाही. इथेच तुमचा इतिहास तुमच्यावर उलटतो. बेक्लोमेथासोनचा पंप दम्यात चालतो हे १९७२ मध्ये छापून आलं. तुमच्या इंटरल्यूकिनांचं शास्त्र ज्यावर उभं आहे ते टी-पेशींचे (प्रतिकारशक्ती चालवणाऱ्या पांढऱ्या पेशींचे) टीएच१ आणि टीएच२ असे दोन प्रकार मोसमन आणि कॉफमन यांनी दाखवले १९८६ मध्ये, तेही उंदरांत. जे औषध आजही सगळ्यात जास्त जीव वाचवतं, ते तुमचे इंटरल्यूकिन येण्याआधीचं आहे.

शिवाय तुम्ही जिंकलेलीच मॅच दाखवता. इंटरल्यूकिन-१७ चा मार्ग अडवणारं ब्रोडालुमॅब २०१३ मध्ये दम्यात आपटलं. फेविपिप्रँट ही गोळी २०१९ मध्ये चाचण्यांच्या तिसऱ्या टप्प्यात फसली. त्याआधी कागदावर दोन्ही सुंदर दिसत होती.

नागपुरी संत्रं:

माझी मोठी बहीण या 'गंभीर' गटात आहे, म्हणून लिहिते. जास्तीत जास्त मात्रेचा पंप, तोही स्पेसर (पंपाला जोडायची नळी) लावून, पद्धत दोनदा तपासून झाली आहे. तरी वर्षातून चार-पाच वेळा प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्यांचा कोर्स. त्यातून साखर वाढली, मोतीबिंदू झाला, मणक्याचं हाड पिचलं. वय ४६.

डॉक्टरांनी इंजेक्शन सुचवलं. वर्षाचा खर्च काही लाखांत. विम्यात बसत नाही. ते महाग आहे हा माझाही राग आहे. पण महाग आहे म्हणून संशोधनच नको, हे कसलं तर्कशास्त्र? तळेगावकर, तुम्ही 'फारसा उपयोग नाही' लिहिलंत ते माझ्या बहिणीला वाचून दाखवू का?

तळेगावकर:

ताई, बहिणीच्या त्रासाबद्दल खरंच वाईट वाटतं, तिच्यावर बोट नाही. पण धोरण सगळ्यांसाठी ठरतं. नेदरलँड्सच्या पाहणीत १७ टक्के रुग्णांचा दमा 'आटोक्यात आणायला कठीण' निघाला. पंप नीट घेतात का हे तपासल्यावर खरा गंभीर दमा उरला ३.७ टक्के. बाकीच्यांना इंजेक्शन लागत नव्हतं, कुणीतरी समोर बसून पंप कसा ओढायचा हे शिकवायला हवं होतं.

नागपुरी संत्रं:

तुमचाच आकडा घेते. ३ कोटी ४० लाखांचे ३.७ टक्के म्हणजे साडेबारा लाख माणसं. एवढ्यांना 'धोरणात बसत नाही' म्हणून सोडून द्यायचं?

वरणभात:

एवढे पेपर वाचण्यापेक्षा कोजागिरीच्या रात्री खिरीतून औषध घ्या, अडुळसा घ्या. आमच्या घरात तीन पिढ्या हेच चालतं. अवांतर: दादरच्या कबुतरखान्यामुळे दमा वाढतो ना? त्यावर कोणी बोलत नाही.

पेशीपुराण:

कोजागिरीच्या खिरीला माझा विरोध नाही, पंप बंद करायला आहे. अडुळशाबद्दल मात्र थट्टा करणार नाही. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी प्रयोगशाळेने २०२१ मध्ये अडुळशाचा अर्क गंभीर, स्टेरॉइडला न जुमानणाऱ्या दम्याच्या नमुन्यात तपासला आणि पेशींतला ऑक्सिजन-टंचाईचा संदेश, एचआयएफ-१ अल्फा, कमी झालेला दिसला. पण तो नमुना उंदराचा आहे. धागाकर्त्यांना उंदीर चालत नाही, तुम्हाला चालेल बहुतेक. खोकल्याच्या औषधातलं ब्रोमहेक्सीनही अडुळशातल्या व्हॅसिसिनवरूनच घडवलेलं आहे.

कबुतरांमुळे फुप्फुसाला होणारा नावाजलेला आजार म्हणजे हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. तिथली सूज वायुकोशांकडे असते आणि यंत्रणाही दम्याची नव्हे. त्यासाठी वेगळा धागा काढा, दोन दिवसांत पाचशे प्रतिसाद पडतील.

डॉ. खेडूत:

पूर्व विदर्भात दवाखाना आहे. दोघांशीही असहमत.

तळेगावकर, पंप मिळत नाही एवढंच दुखणं नाही. पंप हातात दिला तरी घेत नाहीत. 'सवय लागते', 'शेवटचा उपाय आहे', 'मुलीचं लग्न जमायचंय, कुणाला कळता कामा नये'. गोळी लपवता येते, पंप लपत नाही. त्यामुळे 'आधी पंप, मग संशोधन' असा क्रम लावाल तर दुसऱ्याची पाळी कधीच येणार नाही.

पेशीपुराण, तुम्ही ज्या इओसिनोफिलवर रुग्ण निवडता, त्याचा पाया आमच्याकडे डळमळीत आहे. तिकडे रक्तात दर मायक्रोलिटरला १५० किंवा ३०० ची रेषा आखतात. माझ्याकडे जंत असलेला धडधाकट शेतमजूरही ती ओलांडतो. त्यातच आमचा भाग हत्तीरोगाचा. ट्रॉपिकल पल्मनरी इओसिनोफिलिया, टीपीई, माहीत असेलच. १९४३ मध्ये वाइनगार्टनने लॅन्सेटमध्ये त्याला 'ट्रॉपिकल इओसिनोफिलिया' म्हटलं तेव्हा कारण ठाऊक नव्हतं. हत्तीरोगाच्या जंतांच्या पिल्लांवर शरीराने केलेला हा अतिरेकी प्रतिकार आहे, हे नंतर कळलं. रात्रीचा खोकला, घरघर, आयजीई ही अ‍ॅलर्जीत वाढणारी अँटिबॉडी भरमसाट, इओसिनोफिल ३००० च्या वर. कागदावर पाहिलं तर तुमचा इओसिनोफिलिक दमाच. उपचार काय? हत्तीरोगावरच्या हेट्राझानच्या गोळ्या, तीन आठवडे. काही रुपयांचं काम.

या इंजेक्शनांच्या चाचण्यांत जंतबाधा असलेले रुग्ण बहुधा आधीच वगळतात. म्हणजे माझे रुग्ण त्या पुराव्यात नाहीतच. इओसिनोफिल आणि आयजीई ही मुळात जंतांशी लढायची सामग्री, ती बंद केली तर इथे काय होईल हे लेस्टरमध्ये बसून सांगता येणार नाही. म्हणून इम्युनॉलॉजी हवी, पण इथली. चुलीच्या धुरात वीस-तीस वर्षं काढलेल्या बायकांच्या थुंकीत इओसिनोफिल की न्यूट्रोफिल (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी), हे मला आजही तपासून घेता येत नाही. न्यूट्रोफिल असतील तर स्टेरॉइड वाढवत बसण्यात अर्थ कमी.

पेशीपुराण:

डॉक्टर, जंतांचा मुद्दा पूर्ण मान्य. इओसिनोफिल संपवणाऱ्या बेनरालिझुमॅब या इंजेक्शनच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं की जंतबाधा असेल तर आधी तिचा उपचार करा.

तळेगावकरांसाठी मूलभूत संशोधनाचं एक ताजं उदाहरण. २०२४ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या गटाने सायन्स या नियतकालिकात दाखवलं की झटक्यात श्वासनलिका आवळली जाते तेव्हा तिच्या अस्तरातल्या पेशी गर्दीने चेंगरून बाहेर फेकल्या जातात. अस्तर उघडं पडतं आणि पुढची सूज तिथून पेटते. सालब्युटामॉलने नळी सैल झाली तरी ही हानी थांबली नाही. 'निळ्या पंपावर राहू नका' हे तुम्ही कळकळीने सांगता, त्यामागचं आणखी एक कारण हे. आणि ते उंदराच्या फुप्फुसात सापडलं.

तळेगावकर:

हे उदाहरण चांगलं आहे, पण मार्गदर्शिका २०१९ मध्येच बदलली होती. कारण नंतर सापडलं.

डॉक्टरांचं म्हणणं वेगळं आहे, त्याला माझा विरोध नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत पाच हजार लोकांचे इओसिनोफिल, जंत, चुलीचा धूर आणि फुप्फुसाची क्षमता एकत्र मोजायला कोणी निघालं तर मी वर्गणी देईन. पण त्यावर पेपर मोठ्या जर्नलात छापून येत नाही, म्हणून ते कोणी करत नाही. तेराव्या अँटिबॉडीसाठी मात्र रांग आहे. माझा आक्षेप त्या रांगेवर आहे आणि तो कायम आहे.

पेशीपुराण:

रांगेवर म्हणता, तर त्याच रांगेतून आलेल्या बेनरालिझुमॅबची २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये चाचणी झाली. १५८ रुग्ण, झटका आलेला असताना एकच इंजेक्शन. ९० दिवसांत उपचार फसण्याचं प्रमाण प्रेडनिसोलोनवर ७४ टक्के, इंजेक्शन घेतलेल्यांत ४५. संत्रंताईंच्या बहिणीचं हाड पिचलं ते याच प्रेडनिसोलोनने.

नागपुरी संत्रं:

डॉ. खेडूत, एक विचारायचं होतं. बहीण लग्नाआधी चंद्रपूरला होती. तिच्या फायलीत इओसिनोफिल ६२० आहेत. टीपीईची तपासणी कधीच केलेली नाही. करून घ्यावी का?

डॉ. खेडूत:

ताई, ६२० वर टीपीई वाटत नाही, पण तो रिपोर्ट कधीचा ते आधी पाहा. प्रेडनिसोलोन चालू असताना किंवा कोर्स नुकताच संपल्यावर काढला असेल तर इओसिनोफिल खोटे कमी दिसतात. कोर्स सुरू होण्याआधीचे जुने रिपोर्ट शोधा, दोन-तीन वर्षांपूर्वीचेही चालतील. तेव्हा ३००० च्या आसपास असतील तर छातीच्या डॉक्टरांना हत्तीरोगाच्या अँटिबॉडीबद्दल स्पष्ट विचारा. रात्रीचं रक्त तपासून भागणार नाही, टीपीईत रक्तात पिल्लं बहुधा सापडत नाहीत. विष्ठेची तपासणीही करून घ्या. चालू असलेलं काहीही स्वतःहून बंद करू नका, पंप तर नाहीच.