प्रतिसाद: इलेक्ट्रिक गाडीलाही १२ व्होल्टची बॅटरी असते

‘ईव्ही घेतली की बॅटरी उतरायची कटकट संपली’ असं वर एकांनी लिहिलंय. तेवढं सुख नाही हो! दारांची कुलपं, दिवे, स्क्रीन आणि मुख्य म्हणजे मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे कॉन्टॅक्टर (म्हणजे मोठे स्विच) त्या छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरच चालतात. ती बसली तर खालची मोठी फुल्ल असूनही गाडी ढिम्म हलत नाही. कोथरूडला आमच्या सोसायटीत दिवाळीच्या सुट्टीनंतर एकांची अशीच अडली होती. शेजारच्या पेट्रोल स्विफ्टच्या बॅटरीवरून जंपर केबल लावली तेव्हा जागी झाली. पेट्रोलवाल्याने ईव्हीला धक्का दिला म्हणून वॉचमन अजून हसतो.

पेट्रोल गाडीत हीच बॅटरी स्टार्टरला काही क्षण शेकडो अँपिअर देते, पुढे इंजिनवर फिरणारा अल्टरनेटर तिला भरत राहतो. अशा लेड-अ‍ॅसिड प्रकारच्या बॅटरीला हा झटका जमतो, पार रिकामं होणं मात्र सोसत नाही.

पेट्रोल इंजिन आणि मोटर दोन्ही असलेल्या हायब्रिडची तर गंमतच आहे. ग्रँड विटारा स्ट्राँग हायब्रिडची मोटर चालवणारी बॅटरी जेमतेम ०.७६ किलोवॅट-तासांची, आणि २०२० च्या नेक्सॉन ईव्हीची ३०.२. जवळपास चाळीसपट! ब्रेक लावताना मोटरच वीज बनवते, त्यामुळे कात्रजचा घाट उतरताना हायब्रिडची बघता बघता भरते, मग उरलेल्या उतारावरची ऊर्जा वायाच. तिचा खरा फायदा सिंहगड रोडच्या थांबत-थांबत चालणाऱ्या ट्रॅफिकमध्ये. शिवाय कॉम्प्युटर तिला काठोकाठ भरू देत नाही की तळाला जाऊ देत नाही, म्हणून एवढीशी असून वर्षानुवर्षं टिकते.

गाडी ठेवून गावाला जाताना १२ व्होल्टची बॅटरी उतरू नये म्हणून डॅशकॅमची वायर तेवढी काढून ठेवा, गाडी कुठलीही असो.