मदत हवी आहे: स्विंडनला बँक खातं आणि क्रेडिट कार्ड
नमस्कार मंडळी. नवऱ्याला इंग्लंडमध्ये नोकरी लागलीय. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं डिचोलीहून स्विंडनला जातोय. बँक पत्त्याचा पुरावा मागते आणि घरमालकाला भाडं बँकेतूनच हवंय! सुरुवातीला एकच खोली घेतलीय, वीजबिल मालकाच्या नावावर. मग तुमचा कोणता कागद चालला? कंपनीचं पत्र?

इथला सिबिल स्कोअर तिथे धरत नाहीत. बारा वर्षं वेळेवर भरलेले हप्ते, त्याचं फार वाईट वाटतं. कॉमनवेल्थ नागरिक म्हणून भारतीयांना तिथल्या मतदार यादीत नाव घालता येतं, त्याने कार्ड मिळायला मदत होते म्हणतात. कोणी घातलंय का?

इथलं बचत खातं एनआरओ (परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं इथलं खातं) करायचंच आहे. पण सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्यांचे पैसे त्यातूनच जातात, ते एक महिनाही अडकून चालणार नाही. स्विंडनमधल्या गोंयकारांनी कृपया सांगा.