मिनी सेशन की पूर्ण फॅमिली शूट? घरात आजी आणि दोन वर्षांचं पोर

कोथरूडकर_सून:
दिवाळीला दीर-जाऊ जर्मनीहून येतायत, तेव्हा सगळ्यांचे नीट फोटो काढून घ्यायचेत. एका स्टुडिओत दिवाळी मिनी आहे: आकाशकंदिलांचा सेट, २० मिनिटं, ६ एडिटेड फोटो, ४,५०० रुपये. दुसरा फोटोग्राफर घरी येऊन दीड तास, चाळीसेक फोटो, १४,००० म्हणतोय. आम्ही आठ जण. आजेसासूबाई ८४ वर्षांच्या, गुडघे धरलेले. लेक दोन वर्षांची, अनोळखी माणूस दिसला की माझ्या खांद्यात तोंड खुपसते. नवऱ्याचं म्हणणं, मोबाइल आहे की! काय करू?

जुळ्यांची_आई:
मिनी घ्या. पोरं तशीही २० मिनिटांपलीकडे टिकत नाहीत आणि घर आवरायला लागत नाही (हा मुद्दा कोणी बोलत नाही!). फक्त वेळेआधी पोचा. पाठोपाठ स्लॉट असतात, उशीर झाला की तुमचीच मिनिटं जातात.

फ्लॅशवाला:
मी दोन्ही करतो, म्हणून स्पष्ट सांगतो. चौकोनी कुटुंब, मुलं पाचच्या पुढची, तर मिनी उत्तम. तुमचं गणित वेगळं आहे. सगळ्यांचा ग्रुप, आजी आणि पतवंडं, दोन्ही जोड्या, सासू-सासरे, भाऊ-भाऊ. प्रत्येक जुळवाजुळवीला तीन-चार मिनिटं धरा. कुणाचा पदर, कुणाचा चष्मा चमकतोय, कुणी फोनवर. त्यात लेक खांद्यावरून मान वर काढेपर्यंतच तुमचा स्लॉट संपेल. अशा पोरांकडे मी पहिली पंधरा मिनिटं कॅमेरा काढतच नाही, चहा पितो.

तेव्हा पूर्ण सेशन, पण घरीच. दीड तास आजींनी बसायचं नाही. त्यांचे सगळे फोटो पहिल्या अर्ध्या तासात उरकायचे, मग त्या आत जाऊन आडव्या होतील. खुर्ची हातांची घ्या, सोफ्यात माणूस रुततो आणि उठवताना दोघं लागतात. गॅलरीच्या दाराशी, पडद्याच्या आडून येणारा उजेड पुरतो. ट्यूबलाइट मात्र बंद. नाहीतर चेहऱ्याची एक बाजू हिरवट दिसते आणि एडिटिंगमध्ये माझा जीव जातो. बाहेरचे हवेच असतील तर दिवाळीत पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पाचला खाली सोसायटीच्या बागेत उतरा. लेकीची दुपारची झोपही झालेली असेल. शनिवारवाडा वगैरे डोक्यातून काढा, तिथे ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते.

कागदपत्री_काका:
पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाराच. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७. पण मिनीच्या बुकिंग फॉर्ममध्ये बरेचदा नेमका तोच वेगळा करार असतो. लेकीचा फोटो त्यांच्या इन्स्टावर नको असेल तर सही करण्याआधी खोडून घ्या.

कोथरूडकर_सून:
काका, फॉर्म पाहिला. आहे तसं कलम! घरचंच ठरवते. फ्लॅशवाला, आजींचा एक १२ बाय १८ इंचांचा फ्रेम करायचाय, काय मागू?

फ्लॅशवाला:
३६०० बाय ५४०० पिक्सेलची फाइल, ड्राइव्हवर. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून घेऊ नका, आकसतो. आणि नवऱ्याला सांगा, मोबाइल आणा, पण माझ्या मागे उभं राहून काढू नका. अर्धे लोक तिकडे बघतात.