मदत हवी आहे: हापूसवरची फळमाशी पेरूवर तग धरते का?

मंडळी, कुडाळजवळ आमची हापूसची ४० कलमं आहेत. मे अखेरची फळं कापली की कोयीपाशी पांढऱ्या अळ्या वळवळतात. सालीवर मात्र सुईच्या टोकाएवढाच डाग. मिथाइल युजेनॉलचे (माशीला ओढणाऱ्या वासाच्या रसायनाचे) सापळे भरतात, पण त्यात येतात नर. अंडी घालणारी मादी मोकळीच!

कुंपणाला चार पेरू आहेत, पावसाळ्यात तेही किडतात. ही माशी आंबा, पेरू, चिकू कशावरही अंडी घालते. मग आंबा संपल्यावर पेरूच तिला सांभाळतो का? झाडं आजीने लावलेली, तोडायला हात धजत नाही. गळलेली फळं रोज वेचून खोल पुरली तर भागेल का? अंडी धरायला मादीला प्रथिनं लागतात, म्हणून गूळ-प्रथिनाचं आमिष कोणी वापरलं असेल तर प्रमाण नक्की सांगा.