चालता येतं, तरी विमानतळावर व्हीलचेअर मागावी का?

स्वराली_नाशिक
मला आर.ए. आहे, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, सांधे सुजून आखडण्याचा आजार. माझं मत: चार पावलं टाकता येतात म्हणून व्हीलचेअर नको म्हणण्यात शहाणपण नाही. पण "धडधाकट दिसतेस आणि खुर्ची अडवतेस" असं घरातूनच ऐकून घ्यावं लागतं, म्हणून धागा काढला. पहाटेच्या विमानाला आमच्यासारख्यांचे सांधे आखडलेलेच असतात. सिक्युरिटीला बॅग उचलून ट्रेमध्ये ठेवायची तर मनगटातून कळ जाते, बुटाची नाडी सोडायला बोटं वळत नाहीत. मुंबईच्या टर्मिनल दोनवर गेटपर्यंत चालण्यातच सगळी ताकद गेली, तर पोहोचल्यावर अंथरूण धरायचं. मग जायचं तरी कशाला?

वाटसरू
ताई, तुमच्या दुखण्याबद्दल शंका नाही. पण अमेरिकेच्या विमानांना खुर्च्यांची केवढी रांग लागते बघा. त्यातले बरेच जण इमिग्रेशनची रांग टाळायला बसलेले असतात आणि बाहेर आल्यावर स्वतःच भराभर बॅगा उचलतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईत उतरलेल्या एका वृद्ध जोडप्याला दोनऐवजी एकच खुर्ची मिळाली. बायकोला बसवून आजोबा बरोबर चालत निघाले, इमिग्रेशनजवळ कोसळले आणि गेले. ज्याला चालता येतं त्याने खुर्ची सोडायला हवी, हे माझं ठाम मत आहे.

मीरा_फिजिओ
त्याच प्रकरणात डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, विमान कंपनीला ३० लाखांचा दंड केला, हेही सांगा ना. खुर्च्या पुरवणं कंपनीचं काम आहे. तुटवडा त्यांचा आणि अपराधी कोण, तर दुसरा पेशंट?
आणि "चालता येतं" हा निकष विमान कंपन्यांचाही नाही. त्यांच्याकडे तीन प्रकार असतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे जिने चढता येतात, पण लांबचं अंतर झेपत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिनेही जमत नाहीत. डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंत न्यावं लागतं. स्वरालीताई पहिल्या प्रकारात सरळ बसतात. बुकिंगच्या वेळीच नोंद करा, निदान ४८ तास आधी.

जुना_प्रवासी
मला पार्किन्सन्स आहे, तरी मी खुर्ची घेत नाही. खुर्चीत बसलं की माणसाचं पार्सल होतं. गेटजवळ आणून ठेवतात आणि नेणारा दुसऱ्या प्रवाशाकडे पळतो. मग लघवीला जायचं तर कुणाला हाक मारायची? माझे पाय गोळीचा अंमल असेपर्यंत चालतात, म्हणून मी गोळीच्या वेळा बघूनच विमान निवडतो, लवकर पोहोचतो, काठी घेऊन बसत-उठत जातो. वेळ लागतो, पण कुठे थांबायचं ते मी ठरवतो.

स्वराली_नाशिक
काका, लघवीचं अगदी खरं बोललात. त्या भीतीने मीसुद्धा पाणी कमी पिते, आणि ते वाईटच. पण तुम्हाला गोळीची वेळ तरी माहीत असते. माझे सांधे उद्या कसे असतील ते मला आज सांगता येत नाही.

वाटसरू
मग दिव्यांग प्रमाणपत्र बघून खुर्ची द्यावी. गैरवापर आपोआप थांबेल.

मीरा_फिजिओ
२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. पार्किन्सन्स नावानिशी आहे, आर.ए. नावानिशी नाही. आर.ए.मुळे हालचालीवर कायमचा परिणाम झाला असेल तरच अस्थिव्यंगात मोजणार, आणि आरक्षणासारख्या लाभांना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. दर पंधरवड्याला कमी-जास्त होणारं दुखणं टक्क्यांत कसं बसवायचं?

वाटसरू
ठीक, प्रमाणपत्राचा हट्ट सोडतो. डॉक्टरची चिठ्ठी तरी असावी. एवढं मागणं अन्याय नाही.

स्वराली_नाशिक
चिठ्ठी माझ्याकडे असतेच. माझं इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, त्याची थंड पिशवी हातातल्या सामानात नेताना ती लागते. खुशाल बघा. फक्त काउंटरवरच्या माणसाने चिठ्ठी न वाचता, मी उभी आहे एवढं बघून "तुम्हाला कशाला हवी?" असं चारचौघांत विचारू नये.